जुन्या इंटिरियरचा फ्लॅट: जसाय तसा विकायचा की आधी काम काढायचं?

मावशीचा कोथरूडचा टू बीएचके विकायला काढलाय. बिल्डिंग 1994 ची आणि आत सगळं त्याच काळातलं, हॉलभर चॉकलेटी सनमायकाचं शोकेस, पीओपीत निळे लाइट, बेडरूमची एक भिंत मरून, किचनला कडप्पा आणि फुलाफुलांच्या टाइल्स. दोन महिने घरात हाच विषय चाललाय, तुमचंही असंच अडलं असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितेय.

आधी एक बघा, सोसायटी रीडेव्हलपमेंटला जाणारे का? जाणार असेल तर एक रुपया घालू नका. घेणारा कार्पेट एरिया बघून पैसे देतो, टाइल्स उद्या पाडायच्याच असतात.

तसं नसेल तर मग खरा प्रश्न. जसाय तसा विकला तर धूळ नाही, मिस्त्रीमागे पळापळ नाही, पण येणारा माणूस दारातूनच मनात हिशोब करायला लागतो, शोकेस काढायचं, किचन तोडायचं, बाथरूम तोडायचं, आणि जो खर्च येईल त्यापेक्षा जास्तच धरून तेवढे कमी करा म्हणतो. त्याचीही अडचण समजून घ्या. समजा भाव 90 लाख. 30 ते 75 लाखांच्या लोनला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के देते, म्हणजे 18 लाख त्याचे स्वतःचे, वर पुण्यात 7 टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे 6 लाख 30 हजार (बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी), रजिस्ट्रेशनचे 30 हजार. झाले की साडेचोवीस लाखांच्या वर खिशातून! मग रिनोव्हेशनला तो पैसे आणणार कुठून, म्हणून लगेच राहता येईल असं घर दिसलं तर तो थोडे जास्त द्यायलाही तयार होतो.

म्हणून मग सगळंच नवीन करायचं का? माझं स्पष्ट मत, नाही. मॉड्युलर किचन, नवीन वॉर्डरोब, सिलिंग यात घातलेले पैसे क्वचितच पूर्ण वसूल होतात कारण ती तुमची आवड असते, घेणाऱ्याला पांढरं किचन हवं असतं आणि तुम्ही राखाडी केलेलं असतं. बँकेचा व्हॅल्युअरही एरिया, लोकेशन आणि बिल्डिंगचं वय बघतो, तुमच्या सोफ्याला काही किंमत देत नाही. टॅक्सचंही आहे, पक्क्या सुधारणेचा खर्च बिलं असतील तर कॅपिटल गेनमधून, म्हणजे घर विकून झालेल्या नफ्यातून, वजा होऊ शकतो, साधा कलर आणि सुटं फर्निचर त्यात बसत नाही, सीएला आधी विचारा आणि बिलं जपून ठेवा.

मला पटतो तो मधला रस्ता, घर नवीन करायच्या ऐवजी जुनं वजन उतरवायचं. शोकेस काढलं की हॉल मोठा दिसतो, हे मी स्वतः बघितलंय. भिंती सगळ्या एका फिकट रंगात, निळ्या लाइटच्या जागी साधे एलईडी, जड पडदे खाली, खिडक्यांच्या जाळ्या धुऊन. पण त्याही आधी लिकेज! बाथरूममागच्या भिंतीला ओल असेल तर वरून कलर मारून झाकू नका, पहिल्या पावसात ती परत येते आणि समोरच्या माणसाला फसवणं चूकच आहे. जुने जीआय (लोखंडी) पाइप गंजलेले असतील, वायरिंगला अर्थिंग नसेल तर खर्च इथे करा, कारण मरून भिंतीला कोणी घाबरत नाही, ओलीला घाबरतात.

आणि जुनं म्हणून सगळंच फेकू नका हं. मावशीकडे हॉलमधे मोझॅक आहे, कॉन्ट्रॅक्टर म्हणाला त्यावर व्हिट्रिफाइड टाइल्स टाकू, आम्ही नको म्हटलं, पॉलिश करून घेतलं आणि आता ते इतकं सुंदर दिसतंय. सागवानी दरवाजेही तसेच ठेवलेत. मरून भिंत गेली, शोकेस गेलं, किचनच्या टाइल्स मात्र मावशी काढू देत नाहीये, आणि मला वाटतं राहू द्याव्यात, ज्याला नको असतील तो स्वतःच्या पसंतीच्या लावेल.