फायबर-जोडणीचा टेराहर्ट्झ टाइम-डोमेन स्पेक्ट्रोमीटर : काही महिन्यांच्या वापरानंतर

टेराहर्ट्झ तरंगांचे अतिलघु स्पंद नमुन्यावर सोडून ते कसे बदलतात हे वेळेनुसार मोजणारे हे उपकरण निवडताना बहुतेकांचे लक्ष माहितीपत्रकातील बँडविड्थ (मोजता येणाऱ्या वारंवारतांचा पट्टा) आणि डायनॅमिक रेंज (सर्वांत प्रबळ संकेत आणि गोंगाट यांचे गुणोत्तर) या दोन आकड्यांकडे जाते. रोजच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की हे आकडे खरे असले तरी ते नमुना न ठेवलेल्या, कोरड्या मार्गाचे असतात. प्रत्यक्ष मापनाचा दर्जा नमुन्याची जाडी आणि बंदिस्त खोक्यातील हवा यांवरच ठरतो.

आधी जमेची बाजू. १५५० नॅनोमीटरचा फेमटोसेकंद लेझर फायबरमधून थेट टेराहर्ट्झ तरंग सोडणाऱ्या आणि टिपणाऱ्या अँटेनांपर्यंत येत असल्यामुळे आरसे जुळवत बसावे लागत नाही, आणि पारगमनाची (तरंग नमुन्यातून आरपार जाण्याची) मांडणी बदलून परावर्तनाची करणे सहज जमते. दूर-अवरक्त मापनांसाठी आम्ही आधी वापरत असलेल्या फुरिअर-रूपांतर स्पेक्ट्रोमीटरच्या बोलोमीटरला (उष्णतेवरून प्रारण मोजणाऱ्या संवेदकाला) ४.२ केल्विनपर्यंत थंड ठेवण्यासाठी द्रव हेलियम लागत असे. ती कटकट संपली. शिवाय येथे विद्युतक्षेत्राचा आयाम आणि कला (फेज) दोन्ही एकदमच मिळत असल्याने अपवर्तनांक आणि शोषण काढण्यासाठी एका राशीवरून दुसरी काढणाऱ्या क्रेमर्स-क्रोनिग गणिताची गरज उरत नाही.

बाष्पाचा त्रास मात्र सतत जाणवतो. ०.५५७, ०.७५२, ०.९८८ आणि १.६६९ टेराहर्ट्झ या पाण्याच्या बाष्पाच्या ठळक शोषणरेषा असून, हवा दमट असेल तर मुख्य स्पंदानंतर लांबच लांब थरथरती शेपटी दिसते. नमुना बदलण्यासाठी झाकण उघडले की कोरडा नायट्रोजन पुन्हा भरेपर्यंत थांबावे लागते, कारण संदर्भ मापन (नमुना न ठेवता केलेले) आणि नमुन्याचे मापन यांच्या वेळची आर्द्रता वेगळी असेल तर उरलेल्या रेषा नमुन्याच्याच असल्याचा भास होतो. उपकरणासोबत आलेले खोके गरजेपेक्षा मोठे आणि झाकणाशी सैल आहे, ही माझी मुख्य तक्रार. त्याच रेषांवरून वारंवारतेचा अक्ष तपासून घेता येतो, हा त्यातल्या त्यात फायदा.

जाडीचा प्रश्न अधिक रंजक आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या शुद्ध सिलिकॉन चकतीचा अपवर्तनांक सुमारे ३.४२ असल्यामुळे स्पंद साधारण ४ पिकोसेकंद उशिरा पोहोचते. वेळ फार अचूक मोजली जाते, पण जाडीत केवळ ५ मायक्रोमीटरची चूक असली तरी अपवर्तनांकात ०.०२४ चा फरक पडतो; म्हणजे निकालाची अचूकता लेझर नव्हे, तर जाडी मोजण्याचे मायक्रोमीटर हे साधन ठरवते. अशा वेळी चकतीच्या आत परावर्तित होऊन सुमारे ११.४ पिकोसेकंदांनी येणारा प्रतिध्वनी कापून टाकू नये. प्रतिध्वनीच्या अंतराच्या निम्म्यातून मुख्य स्पंदाचा विलंब वजा करून प्रकाशाच्या वेगाने गुणले की जाडी मिळते, आणि मग अपवर्तनांकही. सोबतचे सॉफ्टवेअर मात्र हा प्रतिध्वनी आपण होऊन छाटते. ती सोय मी बंदच ठेवतो.

विभेदनाबाबत, म्हणजे जवळजवळच्या रेषा वेगळ्या ओळखण्याच्या क्षमतेबाबत, एक सावधगिरी. १०० पिकोसेकंदांची खिडकी (संकेत मोजण्याचा कालावधी) म्हणजे १० गिगाहर्ट्झ विभेदन. मोजलेल्या संकेताच्या पुढे शून्ये जोडून आलेख कितीही गुळगुळीत केला तरी त्यात नवी माहिती येत नाही. लॅक्टोजची ०.५३ टेराहर्ट्झची रेषा यात व्यवस्थित दिसते, कमी दाबाच्या वायूंच्या अरुंद रेषा दिसत नाहीत. तसेच जाड, शोषक नमुन्याच्या शोषण-आलेखाला वरच्या वारंवारतांना अचानक सपाटी आली तर ती नमुन्याची नसून उपकरणाच्या गोंगाटाची पातळी असते.

१०० गिगाहर्ट्झच्या खाली संकेत क्षीण होतो आणि झोतही नमुन्याच्या कडांबाहेर पसरतो. ज्यांचे काम मुख्यतः मिलिमीटर तरंगांचे आहे, त्यांनी वारंवारता-विस्तारक जोडलेला व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझर (एकेका वारंवारतेला संकेताचा आयाम आणि कला मोजणारे उपकरण) घ्यावा.