मिरचीवाल्यांनो, बिनबिलाच्या त्या बाटलीपासून जपा

आम्ही भिवापूर-उमरेड पट्ट्यातले मिरचीचे कास्तकार. रोग दिसला की आधी शेजारच्या वावरात विचारायचं, मग कृषी केंद्रवाल्याला, आणि आता व्हॉट्सअ‍ॅपवर पानाचा फोटो टाकायचा. याच वाटेनं तो माणूस आमच्यात शिरला.

स्वतःला पीक सल्लागार म्हणवायचा. सुरुवातीला काहीच विकलं नाही. फोटो टाकला की लगेच उत्तर, तेही फुकट, आणि बहुतेकदा बरोबर: पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे, थ्रिप्सला निळे. मग गावात ज्यांचा शब्द चालतो अशा काकाजींना त्यानं एक बाटली फुकट दिली. "काकाजी, तुमी एक फवारा मारून तर पाहा." पाऊस नुकताच उघडला होता, नवी पालवी तशीही फुटणारच होती. पण काकाजींच्या हिरव्यागार वावराचा फोटो ग्रुपभर फिरला आणि मिरचीची पानं-शेंडे आखडवणारा चुरडामुरडा रोग कायमचा जातो म्हणून आम्ही रांगेनं पैसे पाठवले. लिटरला चौदाशे, आगाऊ, बिल नाही.

विषाणूमुळे आलेला चुरडामुरडा बरा करणारं औषधच नाही. रोगट झाडं उपटायची आणि तो पसरवणारी पांढरी माशी आवरायची, एवढंच हातात असतं. बाटलीवर 'शंभर टक्के सेंद्रिय' मोठ्या अक्षरात; नोंदणी क्रमांक, बॅच नंबर, तारीख काहीच नाही. कीटकनाशकाच्या डब्यावर विषारीपणा सांगणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो, तोही नव्हता. विचारलं तर म्हणे, "हे टॉनिक आहे भाऊ." अशी टॉनिकंही २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, त्यांनाही कागद लागतात.

शेंडे पुन्हा आखडले तेव्हा त्यानं आमच्या पाण्याला नावं ठेवली. जास्त विचारणारे ग्रुपमधून बाहेर. अ‍ॅडमिन तोवर तोच झाला होता. बाकीचे हसू होईल म्हणून गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्यावरच पुढच्या गावात त्याचा धंदा चालला. काकाजींना आता कोणी बोल लावू नये, त्यांनी दिसलं तेच सांगितलं.

तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे गेलो तर पहिला प्रश्न बिलाचा. तिथेच तक्रार लंगडी पडली.

आता आम्ही फोटोवर भागवत नाही, रोगट झाड मुळासकट उपटून कृषी विज्ञान केंद्रात नेतो. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर फुकट आहे, सकाळी ६ ते रात्री १०, मराठीतून बोलतात. त्या माणसाचा नंबर बंद आहे, पण तसलीच बाटली नव्या नावानं, वांग्याच्या शेंडेअळीवर म्हणून, पवनीकडे फिरतेय असं पाहुणे सांगतात. तिकडच्यांनी तिचा फोटो पुढे पाठवायच्या आधी विकणाऱ्याला परवाना आणि पक्कं बिल मागा.