मोठ्यांची ऑटिझम असेसमेंट, पुणे: टेस्ट चांगली, बाकी व्यवस्था ३ स्टारची

वय ३६, नोकरी बँकेत. डेक्कनच्या बाजूच्या एका प्रायव्हेट क्लिनिकमध्ये स्वतःची ऑटिझमची असेसमेंट करून घेतली. नाव लिहीत नाहीये कारण फॉलोअप अजून तिथेच चालू आहे आणि रिसेप्शनच्या ताईंनी मला ओळखून दाखवावं अशी अजिबात इच्छा नाही.

आधी कटकट. अपॉइंटमेंट फक्त फोनवर. अहो ऑटिझमच्या तपासणीला येणाऱ्या माणसाला फोन करायला लावताय? काय बोलायचं ते मी कागदावर लिहून काढलं, दोन दिवस फोनकडे बघत बसले आणि शेवटी लावला तर पहिलाच प्रश्न, "मुलाचं वय किती?" म्हटलं ३६. तिकडे एकदम शांतता. त्या दिवशी काय काय होणार, किती वेळ लागणार, कुणाला आणायचं, काही म्हणजे काही कळवलं नाही, मेसेज आला तो फक्त वेळेचा आणि खाली "जुने रिपोर्ट्स आणणे". कसले जुने रिपोर्ट? मी हिमोग्लोबिनचा घेऊन गेले. हसू नका, खरंच नेला.

त्यांना हवं होतं शाळेचं प्रगतीपुस्तक! ते नंतर आईनं साताऱ्याच्या घरच्या कपाटातून शोधून फोटो काढून पाठवलं, तिसरीच्या पानावर बाईंचा शेरा, "हुशार आहे पण वर्गात मिसळत नाही". सातवीत बाई वेगळ्या, शेरा जवळपास तोच. तुम्ही जाणार असाल तर हे आधीच शोधून ठेवा.

फॉर्म मेलवर येतात, इंग्लिशमध्येच. दोन्ही ऑटिझमच्या खुणा स्वतःच तपासायच्या प्रश्नावल्या, एक एक्यू, ५० प्रश्नांचा, आणि दुसरा राड्स-आर, ८० प्रश्नांचा, या दुसऱ्यात प्रत्येक गोष्ट आत्ता खरी आहे, १६ वर्षांच्या आधी होती, दोन्ही वेळा का कधीच नाही ते सांगायचं. एक्यूमध्ये विचारलंय पार्टीपेक्षा लायब्ररीत जायला आवडेल का. कुठली लायब्ररी पण? एमपीएससीवाल्यांनी खच्चून भरलेली अभ्यासिका असेल तर मला पार्टी परवडली. अशा सगळ्या शंका मी समासात लिहिल्या, वाटलं वेडी म्हणतील, पण सायकॉलॉजिस्ट मॅडमनी समासातलं अक्षर न् अक्षर वाचलं आणि त्यावरूनच प्रश्न विचारले. एक स्टार यालाच.

आईशी व्हिडिओ कॉलवर बोलणं झालं, लहानपण सांगायला कुणीतरी लागतं म्हणून. आई आपली सुरू, "हिचा काही त्रासच नव्हता हो, एका जागी बसायची." मॅडमनी विचारलं, बसून काय करायची? तर म्हणे बाटल्यांची झाकणं रंगाप्रमाणे लावायची, कुणी एक जरी हलवलं तरी थयथयाट, आणि सातारा स्टँडचं एसटीचं टाइमटेबल पाठ, पाहुण्यांना गाडी कधीची ते हिलाच विचारायचे, आम्हाला केवढं कौतुक! मला यातलं झाकणांचं आठवतच नव्हतं. तेव्हा आईला पढवू नका, फक्त "नॉर्मल होती" असं न सांगता काय करायची ते सांग एवढंच म्हणा.

मुख्य टेस्ट अ‍ॅडॉस-२, मॉड्यूल ४, म्हणजे समोर बसवून गप्पा मारता मारता तुमचं वागणं-बोलणं बघतात ती, नीट बोलता येणाऱ्या मोठ्यांसाठी हेच असतं. साधारण तासभर. आत काय विचारतात ते सांगत नाही, आधी कळलं तर तुमचीच टेस्ट बिघडेल. मी मात्र सवयीप्रमाणे तालीम करून गेले होते, हवा-पाण्याच्या गप्पा, कुठे हसायचं, दोन वाक्यांनंतर "तुमचं काय?" विचारायचं. पाचव्या मिनिटाला मॅडम म्हणाल्या, "हे घरून ठरवून आलात का?" हो म्हटलं. म्हणाल्या, "मग कसं ठरवता तेच सांगा मला." तिथून पुढे खरं बोलणं झालं. म्हणजे तयारी करायची ती उत्तरांची नाही, उदाहरणांची. ऑफिसच्या फेअरवेलमधून जिन्यात जाऊन बसलात, मिक्सर लागला की घराबाहेर पळता, असलं जे आठवेल ते तारखेसकट फोनमध्ये टिपत जा, कारण ऐन वेळी डोकं कोरं होतं.

वेटिंग रूम लहान मुलांची. गुडघे हनुवटीला लागतील अशा खुर्च्या, टीव्हीवर मोठ्या आवाजात कार्टून, एक ट्यूबलाइट फडफडणारी, आणि नंबर ५० मिनिटं उशिरा. आत जाईपर्यंत माझी निम्मी शक्ती तिथेच संपली. कानात घालायचं काहीतरी न्याच.

रिपोर्ट ३ आठवड्यांत देतो म्हणाले, मिळाला सहाव्या आठवड्यात, तोही दोनदा आठवण केल्यावर (फोनवरच, अर्थात). पण लिहिलाय नीट, लेव्हल १ (तीन पातळ्यांतली सगळ्यात कमी आधार लागणारी), आणि प्रत्येक मुद्द्याखाली माझीच उदाहरणं. एक लक्षात घ्या, हा कागद म्हणजे सरकारी सर्टिफिकेट नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे, पण यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, हवं असेल तर सरकारी हॉस्पिटलची वेगळी तपासणी होते, तिथे ४० मुद्द्यांची आयएसएए नावाची भारतीय स्केल वापरतात. मी अजून गेले नाही, एवढ्यात हिंमत नाही.

पार्किंग नाही, पीएमपीच्या बसनं जा. स्टॉपपासून चालत ४ मिनिटं, सिग्नल लागला तर साडेपाच.