दाव्याचा खर्च कोणाच्या माथी? साधा दावा, कमर्शियल दावा की लोकअदालत

निकालपत्र हातात पडलं की शेवटच्या आदेशातली खर्चाची ओळ आधी वाचा. ‘दावा खर्चासह मंजूर’ असेल तर हरलेल्याकडून खर्च वसूल करता येतो. ‘उभय पक्षांनी आपापला खर्च सोसावा’ असेल तर जिंकूनही सगळा भुर्दंड तुमचाच. त्यातलं किती परत मिळू शकतं, हे बरंचसं दावा कुठल्या वाटेने चालतो यावर ठरतं. म्हणून हे गणित दावा दाखल करण्याआधीच मांडावं.

मित्राला दिलेले हातउसने पैसे, भाऊबंदकीतली वाटणी, राहत्या घराचा वाद ही साध्या दिवाणी दाव्याची प्रकरणं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ३५ खर्च न्यायाधीशांच्या विवेकावर सोडतं, पण जिंकलेल्याला तो नाकारायचा तर कारण लेखी द्यावं लागतं. कारण दिलेलं नसेल तर अपिलात हा मुद्दा जरूर घ्या.

खरी मेख हुकूमनाम्यासोबतच्या (निकालानुसार निघणाऱ्या औपचारिक आदेशासोबतच्या) खर्चाच्या तक्त्यात असते. भरलेली कोर्ट फी त्यात येते. वकिलांची फी मात्र नियमांतल्या दराने धरतात, तुम्ही मोजलेली नव्हे. दिल्ली उच्च न्यायालयाने एका प्रकरणात ४५ लाखांहून अधिक खर्च मंजूर केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो रद्द केला, कारण नियम त्या आकड्याला परवानगी देत नव्हते. नोटीस, टायपिंग, नकला, साक्षीदारांचा खर्च याच संहितेतल्या आदेश २०-अ खाली मागता येतो, म्हणून पहिल्या नोटिशीपासून पावत्या एका फाइलीत लावा.

समोरच्याने धादांत खोटा बचाव घेतला तर कलम ३५-अ खाली भरपाईचा खर्च मिळतो, पण कमाल ३,००० रुपये. ही मर्यादा १९७६ ची, आणि आजच्या काळात ती अन्यायकारकच आहे. शिवाय ‘हा बचाव खोटा आहे’ अशी हरकत तुम्ही घेतलेली असावी लागते. त्यापेक्षा कलम ३५-ब कामाचं. विरुद्ध पक्ष विनाकारण मुदत मागत असेल तर प्रत्येक मुदत अर्जावर खर्चाची मागणी लेखी करा. मंजूर झालेला खर्च पुढच्या तारखेला भरला नाही, तर त्याला पुढे दावा किंवा बचाव चालवता येत नाही.

व्यापाऱ्यांमधला मालविक्रीचा वा सेवेचा वाद ३ लाख किंवा त्याहून अधिक किमतीचा असेल तर तो कमर्शियल दावा. इथे कलम ३५ च वेगळं आहे. हरणाऱ्याने खर्च द्यायचा हा सर्वसाधारण नियम, आणि खर्चात वकिलांची वाजवी फीही येते. ३,००० ची मर्यादा इथे नाही. न्यायालय पक्षकारांचं वर्तनही पाहतं: तडजोडीचा वाजवी प्रस्ताव कोणी अडेलतट्टूपणाने धुडकावला का? म्हणून प्रस्ताव तोंडी देऊ नका. रक्कम आणि मुदत घालून लेखी पाठवा. मनाई हुकुमासारखा तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी करावीच लागते (कमर्शियल कोर्ट कायद्याचं कलम १२-अ). ती टाळून दाखल केलेलं वादपत्रच फेटाळलं जातं.

लोकअदालतीत तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते, निवाडा हुकूमनाम्यासारखाच बजावता येतो आणि त्यावर अपील नाही. हिशेब स्पष्ट असलेल्या लहान येण्याला आमच्या मते हाच मार्ग बरा, थोडी रक्कम सोडावी लागली तरी. मात्र तडजोड पुर्सिसमध्ये (तडजोडीच्या अटींचं लेखी निवेदन) खर्चाचं कलम नसेल तर नंतर तो मागायला जागा उरत नाही. सही करण्यापूर्वी ते वाचा.

प्रतिवादी असाल आणि काही रक्कम देणं लागतं हे मान्य असेल, तर आदेश २४ खाली ती न्यायालयात भरा. वादी त्यावर समाधानी न होता भांडत राहिला आणि शेवटी तेवढंच देणं निघालं, तर भरण्यानंतरचा खर्च त्याच्याच अंगावर येतो. आणि परदेशात राहून इथे दावा करणाऱ्यांनी आदेश २५ ध्यानात ठेवावा. दाव्यातली मिळकत सोडून भारतात पुरेशी स्थावर मालमत्ता नसेल, तर प्रतिवादीच्या खर्चासाठी तारण द्यावं लागतं. ठरलेल्या मुदतीत ते दिलं नाही, तर दावा फेटाळला जातो.