टॅबवर रोजच्या चित्रपट्ट्या : काही महिन्यांच्या वापरानंतर

पेपर आला की आधी चित्रपट्टी (कॉमिक स्ट्रिप) आणि मग बाकीच्या बातम्या, ही सवय शाळेपासूनची. कोल्हापुरात शिवाजी पेठेत घरी येणाऱ्या पेपरात रोजची पट्टी दिसेनाशी झाली, म्हणून गेल्या पावसाळ्यात इंग्रजी चित्रपट्ट्यांचं एक वर्गणीचं अॅप घेतलं. आता बरेच महिने झालेत, तेव्हा नीट लिहितो.

सगळ्यात मोठा फायदा रेषेचा. पेपरच्या छपाईत शाई पसरायची, अक्षरं बुजायची. टॅबवर 'कॅल्विन अँड हॉब्स' पाहिलं तेव्हा तिचा चित्रकार वॉटरसन याच्या ब्रशचा जाड-बारीकपणा मला पहिल्यांदा दिसला. रविवारच्या पट्टीला अर्धं पान सलग मिळावं म्हणून हा माणूस संपादकांशी भांडला, आणि १९९२ पासून ते त्याने मिळवलं. का भांडला, ते मोठ्या पडद्यावर कळतं. फोनवर मात्र ही पट्टी वाचूच नका. अॅप तिथे चौकटी सुट्या करून एकाखाली एक लावतं आणि पानाची सगळी रचना मोडते.

गंमत म्हणजे 'पीनट्स'ला याने काहीच होत नाही. १९५० साली ती सुरू झाली तेव्हा चार सारख्या चौकटींत बेतलेली होती, म्हणजे संपादकाने आडवी, उभी किंवा चौकोनात कशीही बसवावी. जागा वाचवण्यासाठी घातलेलं ते बंधन आज फोनवर कामी येतंय. तिचा चित्रकार शुल्झ याने १७,८९७ पट्ट्या काढल्या, मदतनीस न घेता. मला हे फार मोठं वाटतं.

वेताळाचा, म्हणजे 'फँटम'चा, अनुभव वेगळा. आम्ही तो मराठी इंद्रजाल कॉमिक्समधून वाचलेला, एका अंकात अख्खी गोष्ट. पेपरातला वेताळ १९३६ पासून रोज थोडा थोडा येतो, हे माहीत होतं, पण तसं वाचलं नव्हतं. अॅपवर जुना साठा आहे म्हणून मी एका बसणीत पंधरवड्याच्या पट्ट्या वाचायला गेलो, तर कंटाळा आला, कारण पहिल्या चौकटीत पुन्हा पुन्हा कालचंच सांगितलेलं. रोज एक वाचायला लागल्यावर तीच चौकट हवीशी झाली. ही कला उद्याची वाट बघायला लावते, त्यावरच ती उभी आहे. 'पुढचं दाखवा' हे बटण तिचं नुकसान करतं, असं माझं ठाम मत आहे.

नव्यांपैकी 'नॅन्सी' आवडली. पट्टी तशी जुनीच, पण २०१८ पासून ती ऑलिव्हिया जेम्स या टोपणनावाच्या चित्रकर्तीने काढली. मोबाइल हातात असलेली नॅन्सी बऱ्याच जुन्या वाचकांना रुचली नाही, मला ती अगदी आजची पोरगी वाटली. 'गारफिल्ड' मी सोडून देतो.

आणि या सगळ्यात 'चिंटू'ची आठवण येत राहते. १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी तो सुरू केला. पप्पू, मिनी, बगळ्या, जोशीकाकू ही माणसं आमच्या बोळात होती. काकूंच्या अंगणात गेलेला चेंडू कोणी आणायचा, एवढ्या विषयावर तीन चौकटी उभ्या राहायच्या, आणि कुणाचाही अपमान न करता. मराठीत हास्यचित्रं उदंड झाली. वसंत सरवटे तर कोल्हापुरात जन्मलेले, शि. द. फडणीस इथेच शिकले. पण ती परंपरा मुख्यतः दिवाळी अंकांची, एका चित्रात सगळं सांगणारी. रोज तीच पात्रं घेऊन वर्षानुवर्षं चालणं हे वेगळं कसब आहे, आणि ते निभावणारे आपल्याकडे फार थोडे.

अॅपच्या तक्रारी थोडक्यात : संवादातला शब्द टाकून शोधलं तर नीट सापडत नाही, तारीखच लागते. पुनर्मुद्रित पट्टीवर मूळ वर्ष ठळक दिसत नाही. मराठी काहीच नाही. मराठी पट्ट्या अशा तारीखवार मिळाल्या तर मी याच्यापेक्षा जास्त वर्गणी आनंदाने भरेन.

घ्यायचं असेल तर आधी महिन्याची वर्गणी घ्या आणि टॅबवरच वाचा. तीन-चार पट्ट्या निवडून रोजची एकेकच उघडा. 'पीनट्स' मात्र १९५० च्या दशकाच्या शेवटापासून धरा, तिथून चार्ली ब्राउन आणि स्नूपी खरे रंगात येतात.