'डार्क शॅडोज'चा संपूर्ण डीव्हीडी संच: कुठून सुरू करावा, काय सोडावं

'डार्क शॅडोज' ही अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवरची दुपारची मालिका. 27 जून 1966 ला सुरू झाली, 2 एप्रिल 1971 ला संपली. सोमवार ते शुक्रवार रोज अर्धा तास, एकूण 1225 भाग. 2012 साली एमपीआय होम व्हिडिओने हे सगळे भाग 131 डिस्कवर, शवपेटीच्या आकाराच्या खोक्यात घालून बाजारात आणले. त्याच वर्षी जॉनी डेपचा याच नावाचा चित्रपट आला. पुण्यात ज्यांनी हे नाव ऐकलंय, त्यांतल्या बऱ्याच जणांनी ते चित्रपटामुळेच ऐकलंय. चित्रपटात थट्टामस्करी भरपूर आहे. मालिकेत ती शोधून सापडणार नाही. तिथला प्रत्येक नट जीव ओतून, पूर्ण गांभीर्याने उभा असतो आणि मालिका त्यावरच चालते.

घाबरायचं म्हणून हा संच घेणार असाल, तर घेऊ नका. वटवाघूळ दोरीला लटकलेलं आहे हे दिसतं. इथली खरी गंमत आहे ती एका घराण्याने लपवलेल्या गोष्टींत: कोणाला काय माहीत आहे, कोण काय दडवतंय, आणि दडवलेलं उघडं पडू नये म्हणून रोज नवं काय बोलावं लागतंय. भुतंखेतं, शाप, करणी हे सगळं येतं ते या दडवादडवीला धार लावायला. आणि दडवादडवीची गोष्ट रोजच्या मालिकेइतकी चांगली दुसऱ्या कशातच सांगता येत नाही, कारण तिथे खोटं रोज निभवावं लागतं.

मेन राज्यातलं कॉलिन्सपोर्ट हे समुद्रकाठचं गाव, आणि टेकडीवर कॉलिन्स घराण्याचा कॉलिनवूड हा वाडा. मालकीण एलिझाबेथ कैक वर्षं वाड्याबाहेर पडलेली नाही. भाऊ रॉजर, त्याचा मुलगा डेव्हिड, आणि या मुलाला शिकवायला आलेली अनाथ व्हिक्टोरिया विंटर्स. एलिझाबेथचं काम जोन बेनेटने केलंय. हॉलिवूडची जुनी नायिका, तिचं नुसतं जिन्यावरून उतरणंसुद्धा बघण्यासारखं. पहिले दोनशे भाग बरेचसे अशा घरगुती गुपितांवर चालतात. जोसेट या घराण्यातल्या जुन्या काळच्या स्त्रीचं भूत अधूनमधून दिसतं, पुढे डेव्हिडची आई लॉरा परत येते आणि ती माणूस नसते. वातावरण छान जमलंय, पण गती फार धिमी आहे. पाणी घालून वाढवलेल्या मालिका आपल्याला नव्या नाहीत, तरी इथलं पाणी जास्तच आहे.

म्हणून सुरुवात 210 व्या भागापासून करा. एमपीआयने पूर्वी सुटे संच काढले, तेव्हा 'कलेक्शन 1' याच भागापासून सुरू केला होता आणि आधीचे भाग 'द बिगिनिंग' या वेगळ्या नावाने नंतर आणले. यात विली लूमिस हा भुरटा दागिन्यांच्या लोभाने कॉलिन्स घराण्याच्या दफनघरात शिरतो, साखळदंडांनी बांधलेली शवपेटी उघडतो आणि आतून एक हात बाहेर येतो. 211 व्या भागात वाड्याचं दार वाजतं. मोलकरीण मिसेस जॉन्सन दार उघडते. समोर केपवाला कोट, चांदीच्या लांडग्याच्या मुठीची काठी, बोटात काळ्या खड्याची अंगठी. आपण इंग्लंडहून आलेला चुलत भाऊ बार्नबस कॉलिन्स, अशी तो ओळख देतो. दिवाणखान्याबाहेर दोनशे वर्षांपूर्वीच्या बार्नबस कॉलिन्सचं तैलचित्र टांगलेलं आहे. चेहरा तोच, अंगठी तीच. घरचे म्हणतात, काय हो साम्य! आणि त्याला घरात घेतात.

हा 'इंग्लंडहून आलेला' शब्द लक्षात ठेवा. सगळ्या मालिकेतलं सगळ्यात मोलाचं सामान तेच आहे.

पुढचे दीडशे भाग हे खोटं टिकवण्यात जातात. बार्नबस हा व्हॅम्पायर. तो गावातल्या मॅगी इव्हान्स या वेट्रेसला पळवून नेतो, तिला आपल्या जुन्या प्रेयसीचा, जोसेटचा संगीताचा डबा ऐकवत राहतो आणि तू मॅगी नाहीस, जोसेट आहेस, हे तिच्या मनावर ठसवतो. त्याची लहानपणी मेलेली बहीण सेरा भूत होऊन मॅगीला वाट दाखवते. मग येते डॉक्टर जूलिया हॉफमन, म्हणजे ग्रेसन हॉल. हिला बार्नबसचं रहस्य कळतं आणि ती पोलिसांकडे न जाता, मी तुला इंजेक्शनं देऊन बरा करते, असा सौदा त्याच्याशीच करते. दोघांनाही एकमेकांची गरज, दोघांचाही एकमेकांवर विश्वास नाही. बार्नबस झालेला जोनाथन फ्रिड आणि ग्रेसन हॉल यांचे हे प्रसंग पुन्हापुन्हा लावून बघावेत असे आहेत. आवाज न चढवता माणूस धमकी कशी देतो, ते फ्रिडकडून शिकावं. हा मूळचा कॅनडाचा, शेक्सपिअरच्या नाटकांत तयार झालेला नट. त्याची भूमिका थोड्या आठवड्यांचीच ठरली होती. प्रेक्षक इतके वाढले की तो मालिका संपेपर्यंत राहिला.

365 व्या भागात वाड्यात प्लँचेट होतं आणि व्हिक्टोरिया थेट 1795 सालात जाऊन पडते. 461 पर्यंत आपण तिथेच असतो. नटसंच तोच, पण सगळे आपापल्या पूर्वजांच्या भूमिकेत. रॉजर झालेला लुई एडमंड्स इथे बार्नबसचा कडक बाप जोशुआ होतो. लारा पार्करची अँजेलिक ही मार्टिनिकहून आलेली, जोसेटची दासी आणि चेटकीण. तिच्याच शापाने बार्नबस व्हॅम्पायर होतो. व्हिक्टोरियाबरोबर कॉलिन्स घराण्याचा इतिहास सांगणारं पुस्तक असतं. आपल्याकडच्या जाडजूड कुलवृत्तांतासारखंच हे, कोण कधी जन्मला, कोण कुठे गेला, कोण कशाने वारला. तिला वाटतं, यात सगळं लिहिलंय, तर आपण लोकांना वाचवू शकू. पण पुस्तकात एक लिहिलेलं आणि डोळ्यांसमोर भलतंच घडतंय, असं होऊ लागतं. आणि पुढच्या तारखांचं तेच पुस्तक तिच्यावरच्या चेटुकाच्या खटल्यात पुरावा म्हणून मांडलं जातं.

पुस्तक चुकतं, कारण ते खोटंच लिहिलेलं आहे. मुलाचं काय झालं हे जगाला कळू नये म्हणून जोशुआ सांगून टाकतो, बार्नबस इंग्लंडला गेला. घराण्याच्या अब्रूसाठी बापाने मारलेली ही थाप. ती वहीत जाते, वहीतून पुस्तकात, आणि दोनशे वर्षांनी तीच थाप वापरून मुलगा पुढच्या दाराने घरात येतो. 210 मधल्या त्या साखळ्या कोणी घातल्या आणि घालताना त्याच्यावर काय गुदरलं, हेही इथेच कळतं. लुई एडमंड्सने हा बाप असा उभा केलाय की शेवटच्या दहा-बारा भागांत भुताखेताची आठवणसुद्धा राहत नाही. दुपारच्या मालिकेत याच्या तोडीचं काम आमच्या पाहण्यात नाही.

हा दुवा पकडायचा तर 210 ते 461 सलग बघायला हवं. मधले भाग गाळून थेट 1795 वर उडी मारणारे नेमकं हेच हरवतात. जाहिराती वगळून एक भाग साधारण 20 ते 22 मिनिटांचा. रोज तीन बघितले तर तीन महिन्यांच्या आत हा टप्पा होतो. एका बैठकीत तीनपेक्षा जास्त बघू नका. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला आदल्या भागाचा शेवटचा प्रसंग येतो, आणि बऱ्याचदा तो नटांनी दुसऱ्या दिवशी नव्याने केलेला असतो. सलग दहा भाग लावले की या पुनरावृत्तीचा वीट येतो. दिवसाला दोन-तीनच असले, तर कालचा प्रसंग आज कसा वेगळा झाला हे बघायला मजा येते.

तांत्रिक चुका भरपूर आहेत आणि त्यामागचं कारण ठाऊक असलेलं बरं. न्यूयॉर्कच्या स्टुडिओत रोज एक भाग, तोही जवळजवळ प्रत्यक्ष प्रक्षेपणासारखा सलग टेप व्हायचा. त्या काळी व्हिडिओटेप कापून जोडणं खर्चिक आणि किचकट होतं, त्यामुळे वाक्य अडखळलं तरी थांबायचं नाही. म्हणून माइकची सावली भिंतीवर पडते, थडगं धक्क्याने हलतं, चौकटीत मध्येच कोणी कामगार दिसतो. फ्रिड समोरच्या माणसाच्या खांद्यावरून पलीकडे बघत बोलतो, तेव्हा तो टेलिप्रॉम्प्टर वाचत असतो. रोज प्रयोग आणि तालमीला वेळ नाही, अशा अवस्थेत हे लोक काय करून दाखवत होते, हे बालगंधर्व-भरतला नाटकं बघत वाढलेल्या पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

1795 नंतर लगेच येणारा स्वप्नशापाचा भाग सरळ पुढे पळवावा. तेच स्वप्न एकाकडून दुसऱ्याकडे जातं आणि दर वेळी जवळजवळ पूर्ण दाखवतात. ॲडम या प्रेतांचे तुकडे जोडून केलेल्या माणसाची गोष्टही लांबलचक. पुन्हा बसायचं ते 1897 च्या कथानकासाठी, 701 ते 884. हे सगळ्यात लांब आहे, आणि करमणूक म्हणून बघाल तर सगळ्यात चढतं. डेव्हिड सेल्बीचा क्वेंटिन हा शापाने लांडगा होणारा माणूस, त्याचा शाप अंगावर घेणारं एक चित्र, आणि काउंट पेटोफीचा तोडलेला हात. रॉबर्ट कोबर्टचं संगीत इथे फार सुंदर लागलंय. पण आधीचे, क्वेंटिनचं भूत मुलांना झपाटतं ते साठेक भाग बघून मगच 701 ला या, नाहीतर हा माणूस इतका महत्त्वाचा का, ते लागणार नाही. पुढचं लेव्हायथन या पुरातन अमानवी जीवांचं कथानक कच्चं. त्यानंतर समांतर काळ, 1840 वगैरे येतं. त्यात चांगले आठवडे आहेत, पण ते मालिकेवर जीव जडल्यावरच.

संपूर्ण खोकं घ्यावं की सुटे संच? आमचा सल्ला, सुटे. 'कलेक्शन'च्या प्रत्येक संचात 4 डिस्क आणि 40 भाग. पहिले सात संच घेतले की 1795 पूर्ण हाती येतं. तिथवर रुचलं तर पुढचं बघा. 1225 भाग रोज दोन या हिशेबानेही वीस महिने खातात.

क्रमांकांवरून घोटाळा होतो, तेव्हा एक ध्यानात ठेवा. भाग 1225 असले तरी शेवटच्या भागाचा क्रमांक 1245 आहे. एखाद्या दिवशी प्रक्षेपण रद्द झालं की तो क्रमांक पुढे सोडून देत. मध्येच क्रमांक गायब दिसला म्हणून विक्रेत्याशी भांडू नका. खरोखर हरवलेला भाग एकच, 1219. त्याचा फक्त आवाज उरलाय, त्यावर स्थिरचित्रं आणि इतर तुकडे लावून तो दिलाय.

आता यंत्राचं. अमेरिकेचा डीव्हीडी विभाग 1, भारताचा 5. मागवण्याआधी पाकिटावरचा विभाग विचारून घ्या आणि प्लेअर सर्व विभाग चालवणाराच घ्या. तपकीर गल्लीत विचारावं, नाहीतर बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात. जुना घेणार असाल तर घरची एक डिस्क खिशात घेऊन जा, शेवटचा भाग लावून बघा. झिजलेलं लेन्स डिस्कच्या बाहेरच्या कडेला अडखळतं आणि सुरुवात मात्र छान वाजवतं. संगणकाच्या ड्राइव्हचा विभाग पाचदाच बदलता येतो, पाचव्यांदा कायमचा कुलूपबंद होतो. केवळ या मालिकेसाठी तो बदलू नका.

मालिका 295 व्या भागापासून रंगीत झाली, त्याआधी कृष्णधवल. पुढेही काही भाग कृष्णधवलच दिसतात, कारण मूळ टेप गेली आणि पडद्यावरून फिल्मवर घेतलेली प्रतच उरली. मात्र 295 नंतर सगळेच भाग कृष्णधवल दिसू लागले किंवा चित्र वर-खाली पळू लागलं, तर दोष तुमच्याकडे आहे. प्लेअरच्या सेटिंगमध्ये पाल (भारतातली टीव्ही-चित्राची पद्धत) ऐवजी एनटीएससी (अमेरिकेतली) किंवा ऑटो करा. टीव्हीवर चित्राचा आकार 4:3 ठेवा. रुंद पडद्यावर ताणलं की जोन बेनेटसुद्धा बुटकी आणि जाडी दिसते. खोल्या अंधाऱ्या, मेणबत्त्यांच्या उजेडातल्या आहेत, तेव्हा दुपारी बघताना पडदे ओढून घ्या. टीव्हीचा ब्राइटनेस वाढवून काळं राखाडी करू नका. संवाद कुजबुजल्यासारखे हळू आहेत आणि संगीत एकदम चढतं. आवाज समतल करणारा पर्याय टीव्हीत असेल तर तो चालू ठेवा.

पावसाळ्यात पुण्यातल्या जुन्या घरांत, पेठांतल्या तर विशेष, डिस्कवर बुरशीचे ठिपके येतात. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवाव्यात, आणि पुड्या दर पावसाळ्याआधी बदलाव्यात. पुसताना मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापड मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ फिरवावं. गोलगोल पुसलं की ओरखडा डेटाच्या रेघेलाच समांतर जातो आणि नेमका त्या जागी भाग अडकतो.