पायथॉनमध्ये चित्राची पारदर्शकता: पिलो घ्यावं की ओपनसीव्ही?

पायथॉनमध्ये चित्राची पारदर्शकता कमी-जास्त करायची तर बहुतेक जण पिलो किंवा ओपनसीव्हीकडे वळतात. काम दोन्हींनी होतं. पण लायब्ररी निवडण्याआधी एक गोष्ट पाहून घ्या: तुमच्या चित्रात आधीपासूनच पारदर्शक भाग आहे का?

नसेल, म्हणजे साधा फोटो असेल, तर पिलोचं 'पुटअल्फा' पुरेसं आहे. 0 म्हणजे अदृश्य, 255 म्हणजे पूर्ण अपारदर्शक. 128 दिलंत की फोटो साधारण निम्मा पारदर्शक होतो. अल्फा चॅनल, म्हणजे प्रत्येक पिक्सेलची पारदर्शकता साठवणारा थर, नसेल तर ते स्वतःच जोडून घेतं.

गोल लोगो असेल तर मात्र हीच ओळ घात करते. 'पुटअल्फा(128)' सगळ्याच पिक्सेलना 128 देतं, आधी 0 असलेल्या कोपऱ्यांनासुद्धा. त्या अदृश्य पिक्सेलखाली बरेचदा काळा रंग दडलेला असतो, आणि लोगोभोवती करडा-काळा चौकोन उमटतो. म्हणून किंमत नव्याने भरायची नाही, असलेली गुणायची. 'गेटचॅनल'ने अल्फा वेगळा काढा, 'पॉइंट'ने 0.5 ने गुणा आणि तोच चॅनल 'पुटअल्फा'ला द्या. शून्याचं शून्यच राहतं आणि कडांचा मऊपणाही टिकतो. वॉटरमार्कसाठी मी याशिवाय दुसरी पद्धत सुचवणारच नाही.

ओपनसीव्हीत चित्र म्हणजे नमपाय या लायब्ररीचा अ‍ॅरे, आकड्यांचा तक्ताच. चौथ्या चॅनलला, म्हणजे अल्फाला, गुणलं की झालं. व्हिडिओच्या फ्रेममागून फ्रेम हाताळायच्या असतील तर हेच सोयीचं. पण सावध राहावं लागतं. 'आयएमरीड' नेहमीच्या सेटिंगमध्ये अल्फा टाकून देतं, त्यामुळे 'आयएमरीड_अनचेंज्ड' द्यावंच लागतं. रंगांचा क्रम निळा-हिरवा-लाल असतो. आणि आठ बिटांच्या (0 ते 255 पूर्णांकांच्या) अ‍ॅरेवर थेट '*= 0.5' लिहिलं तर एरर येते. गुणाकार वेगळा करून पुन्हा आठ बिटांत आणावा. 'अ‍ॅडवेटेड'बद्दल बराच गोंधळ दिसतो. ते समान आकाराची दोन चित्रं ठरावीक प्रमाणात मिसळतं, पारदर्शक चित्र बनवत नाही. पिलोचं 'ब्लेंड'ही त्याच जातीचं.

माझं मत पिलोच्या बाजूने झुकतं ते आणखी एका कारणाने. पारदर्शक चित्र लहान करताना पिलो आधी रंगांना अल्फाने गुणून घेतं ('निअरेस्ट' पद्धत सोडून), त्यामुळे दडलेला काळा रंग कडांवर झिरपत नाही. ओपनसीव्हीच्या 'रिसाइझ'मध्ये ही काळजी तुम्हालाच घ्यावी लागते, नाहीतर कडांना काळी रेघ येते.

दोन्हींपैकी काहीही वापरा, फाइल पीएनजी किंवा वेबपीमध्येच जतन करा. जेपेगमध्ये अल्फाला जागाच नसते. आरजीबीए (लाल-हिरवा-निळा आणि अल्फा) चित्र जेपेग म्हणून जतन करायला गेलात तर पिलो सरळ एरर देतं.